तेंचा आरेगिनच्या नाटकातली जपमाळ

कुका आणि चोना भांडल्या तेव्हा तेंचा स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसून चोरलेला गोड पाव खात होती. त्यामुळे भांडण तिनं ऐकलं सगळं, पण पाहिले फक्त पाय. कुकाचे पाय सुजलेले, चपलेतून फुगून वर आलेले. आईचे बारीक, आणि त्यातला एक सारखा हलणारा. चोनाला हसू दाबायचं असलं की तिचा पाय असा हलायचा.

भांडणाचं मूळ तेंचाच होती. आदल्या दिवशी शेजारच्या बाळाच्या बाप्तिस्म्याचं जेवण होतं. तिथं या पोरीनं टेबलावरचं कापड डोक्यावर घेतलं, नाकातून सूर लावला, आणि कुका जपमाळ कशी सांगते ते भरल्या पंगतीत करून दाखवलं. कुका ही वस्तीची जपमाळ सांगणारी. कुणी गेलं की नऊ संध्याकाळी त्या घरी जाऊन गुडघे टेकायचे. प्रार्थनेचा अर्धा भाग तिनं म्हणायचा, उरलेला अर्धा जमलेल्या बायकांनी. शिवाय ती तेंचाची धर्ममाता, म्हणजे चोनाची कोमाद्रे, देवासमोर मानलेली बहीण. सख्ख्या बहिणीशी भांडता येतं, कोमाद्रेशी भांडायची सोय नाही.

"तुझ्या पोरीनं चारचौघांत माझी शोभा केली, कोमाद्रे," कुका म्हणाली.

"लहान आहे ती. आणि खरं सांगू का, गुडघे टेकताना तू तश्शीच कण्हतेस."

"हस. आज मला दाखवलं, उद्या तुला दाखवेल. मग बघते तुझा पाय किती हलतो ते."

पाय थांबला. अबोला मात्र ख्रिसमसपर्यंतच टिकला, कारण तमाल करायचे म्हणजे मक्याचं पीठ पानांवर थापायला घरभर बायका लागतात, आणि पीठ भिजवण्यात कुकाचा हात धरणारी कुणी नव्हती. टेबलाखालच्या पोरीनं त्या दिवशी एवढंच शिकून घेतलं, की माणसं हुबेहूब दाखवली की ती उठून घरी येतात. आपल्यात काहीतरी आहे असं वाटायला तेवढं पुरलं. पुढं आयुष्यभर ते तिच्या डोक्यातून गेलं नाही.

सांता पॉला हे त्यांचं गाव म्हणजे लिंबं. रुळांच्या अलीकडं लिंबांच्या बागांचे मालक, पलीकडं लिंबं तोडणारे, निवडणारे, खोक्यांत भरणारे. तेंचाचा बाप लासारो बागांवर औषध फवारायचा. तोंडाला रुमाल बांधून जायचा आणि संध्याकाळी तो रुमाल झटकून खिशात ठेवायचा. चाळिशीतच छाती भरून गेला. चोना आणि वस्तीतल्या बायका गुडघ्यांवर बसल्या, रडल्या, माळा फिरवल्या, आणि पुढच्या सोमवारी त्याच मालकाच्या शेडमध्ये फिरत्या पट्ट्यासमोर उभ्या राहून पिवळी लिंबं एकीकडं नि हिरवी एकीकडं करू लागल्या. कशानं गेला हे कुणी विचारलं नाही. तेंचा तेव्हा सोळा वर्षांची होती. पुरून आल्यावर तिला धाकट्या भावंडांसकट व्हेंचुराला मावशीकडं पाठवलं होतं. परत आली तेव्हा आई कामावर गेलेली, आणि चुलीवर रोजच्यासारखी घेवड्याची उसळ. त्या उसळीचा तिला जो राग आला तो पुढं पंधरा-वीस वर्षं तिनं सांभाळला. नाटकं लिहिणाऱ्या माणसांचं असंच असतं. बाकीचे राग गिळून कामाला जातात, हे लोक तो बरणीत घालून ठेवतात.

मग ट्रकवरच्या नाटकाचे दिवस आले. विद्यापीठातली पोरं यायची, केस वाढवलेले, खांद्यावर घोंगडी. तसली घोंगडी वस्तीतल्या कुठल्या आजोबानं कधी अंगावर घेतली नव्हती. शेताच्या कडेला ट्रक उभा करायचा, मागची फळी पाडायची, आणि संपावर या म्हणून मजुरांपुढं सोंगं करायची. तेंचानं पोटाला उशी बांधून मालक केला आणि मजूर हसून हसून बांधावर बसले. पोरांना ते रुचलं नाही. त्यांच्या मते मालक पुरुषानं करायला हवा. बाईनं आई करावी, नाहीतर मरिया, नाहीतर ती तिसरी, बाजारातली. क्रांती आली की बायकांचंही बघू, असं त्यांच्यातला दाढीवाला म्हणायचा, आणि म्हणता म्हणता तिच्या हातात केरसुणी द्यायचा, कारण ट्रक कुणीतरी झाडायला हवा. तेंचा त्याचंही सोंग करायची. तो सोडून सगळे हसायचे. दाढीवाला पुढं विम्याच्या धंद्यात गेला आणि त्यात चांगला शोभला.

लॉस एंजेलिसला ती बसनं गेली आणि टीव्हीत मोलकरीण झाली. एकदा नाही, दरवेळी. नाव कधी रोसा, कधी मरिया. वाक्य एकच, की बाईसाहेब, दारात पोलीस आलेत. तिचं इंग्रजी बातम्या देणाऱ्यासारखं स्वच्छ. दिग्दर्शक ऐकून कसनुसा व्हायचा आणि जरा खरं बोल म्हणायचा. खरं म्हणजे मोडकं. मग तिनं कुकाचा नाकातला आवाज काढला. तो इतका खूश झाला की सगळ्यांना बोलावून त्यानं तो पुन्हा काढायला लावला. वस्तीत तो कार्यक्रम लागला तेव्हा कुका टीव्हीसमोर बसली होती. ती एवढंच म्हणाली, की ही माझी पोरगी, आवाज माझा, आणि फरशी कशी पुसतेय बघा, कोपरे सगळे सोडतेय.

अशी बरीच वर्षं गेली. घरातली फरशी पुसायला तेंचाला वेळ नसे, टीव्हीतल्या पुसून पुसून मनगटं गेली. शेवटी ती नाटक लिहायला बसली. नाव ठेवलं 'गुडघे'. नाटकात एक बाप औषध फवारून मरतो, म्हाताऱ्या येऊन जपमाळ सुरू करतात, आणि थोडी प्रार्थना झाली की मुलगी ताडकन उठून त्यांना थांबवते. मग तिचं भाषण. तुम्ही जन्मभर गुडघ्यांवर बसलात, म्हणून मालकांना वाकायची गरज पडली नाही. माझा बाप कशानं मेला हे तुम्ही देवाला विचारलंत, मालकाला नाही. सोमवारी तुम्ही त्याचीच लिंबं निवडलीत. आख्खं नाटक त्या भाषणासाठी होतं, आणि भाषण एकाच बाईसाठी. ती आयुष्यात कधी नाटकाला आली नव्हती. चोनाचं म्हणणं, दिवसभर पट्ट्यासमोर उभं राहून पाय सुजतात, आणखी पैसे देऊन बसायचं कशाला.

म्हणून तेंचानं पहिला प्रयोग लॉस एंजेलिसला केला नाही. सांता पॉलातल्या चर्चच्या हॉलमध्ये केला, रविवारी दुपारी, मिस्सा सुटल्यावर, की आईला नाही म्हणायला कारण उरू नये. त्याच हॉलमध्ये लोक लग्नाचं जेवतात आणि हौजी खेळतात. पडद्याला मटणाच्या रश्श्याचा वास. जपमाळ सांगणारी तेंचानं स्वतः केली. मुलीचं काम एका कॉलेजातल्या पोरीला दिलं होतं, भाषणही तिचंच. पोरगी भाषणाच्या भीतीनं सकाळपासून ओकत होती.

चोना आली. काळा पोशाख, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. शेजारी कुका. मागं आख्खी वस्ती, कारण तिकीट नव्हतं.

नाटक बरं चाललं. मालक आला तेव्हा लोक हसले, बाप खोकला तेव्हा गप्प झाले. मग शवपेटी आणली, तेंचा डोक्यावरून ओढणी घेऊन कण्हत गुडघ्यांवर बसली, आणि कुकाच्या नाकातल्या सुरात तिनं प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हटला. उरलेला अर्धा स्टेजवरच्या दोन नट्यांनी म्हणायचा होता.

तो हॉलनं म्हटला.

आधी एकच आवाज आला, पहिल्या रांगेतून, आणि तेंचानं तो ओळखला. मग बाकीचे. शवपेटी समोर आहे, कुणीतरी अर्धं म्हणून थांबलंय, आणि आपण हाताची घडी घालून बसायचं, असं या लोकांकडून व्हायचं नाही. खुर्च्या सरकल्या. बायका गुडघ्यांवर आल्या, पुरुषांनी टोप्या काढल्या. तेंचानं दुसऱ्यांदा अर्धं म्हटलं, दुसऱ्यांदा हॉल भरून उत्तर आलं. ठरल्याप्रमाणे पोरगी ताडकन उठली. तोंड उघडलं. कुकानं खालूनच हात करून तिला बसवलं.

"मधे उठू नये, मिहा, पोरी," ती म्हणाली. आणि मग तेंचाकडं वळून: "आणि तू आनंदाची रहस्यं कुठं धरलीस? माणूस मेलाय. दुःखाची घे, पहिल्यापासून."

थांबवायचं तेंचाच्या हातात होतं. एवढी टीव्हीतली बाई, आवाज चढवून हे नाटक आहे म्हणाली असती तर लोक ओशाळून खुर्च्यांवर बसले असते. पण समोर चोना होती, डोळे मिटलेले, पर्समधून माळ काढलेली. तेंचानं दुःखाची रहस्यं, म्हणजे मयताला म्हणायचे माळेतले पाच टप्पे, पहिल्यापासून घेतली. पाचही. एकदा सुरू केलेली माळ अर्ध्यात टाकत नाहीत. शेवटी संतांची लांबलचक नामावळ, तीसुद्धा. संपल्यावर लोक उठले, गुडघे झाडले, आणि माळेनंतर जे करतात ते करायला गेले, म्हणजे मागच्या टेबलावरची दालचिनीची कॉफी प्यायला. शवपेटीतला नट उठून रांगेत उभा राहिला. भाषण पोरीच्या पोटातच राहिलं. तिला मात्र एकदम भूक लागली.

तेंचा रंग न पुसता आईकडं गेली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"बरं झालं, मिहा," चोना म्हणाली. "तुझ्या बापाचं राहिलं होतं."

तेंचाला कळेना. मग चोनानं पावाचा तुकडा कॉफीत बुडवत सांगितलं. लासारो गेला तेव्हा दोनच संध्याकाळी झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी शेडनं रात्रपाळी लावली, लिंबं सडत होती, जी येणार नाही तिनं परत येऊ नये म्हणून निरोप आला. कुका स्वतःही कामावर गेली. माळ तिथंच राहिली. नवऱ्याच्या नऊपैकी सात अजून द्यायच्या आहेत, हे ती बाई इतकी वर्षं मनात घेऊन लिंबं निवडत होती, आणि आता तिला वाटलं की पोरीला कसं कोण जाणे ते कळलं, आणि तेवढ्यासाठी तिनं हा सगळा थाट केला.

"म्हणजे आज तिसरी झाली," चोना म्हणाली. "पुढची कधी आहे?"

तेंचानं सांगितलं, शनिवारी. दुसरं काय सांगणार.

कुका जाता जाता थांबली. "आवाज जमलाय," ती म्हणाली. "पण मी डावा गुडघा आधी टेकते. उजवा टेकणारी ती माझी बहीण."

पुढचे सगळे प्रयोग असेच गेले. बायका माळा घेऊनच यायच्या. नाटकाचा पहिला भाग त्या पाहुण्यासारख्या बसून सोसायच्या, शवपेटी आली की कामाला लागायच्या. ठरलेले प्रयोग कमी पडले तेव्हा चोनानं फादरना सांगून हॉल आणखी एक आठवडा मिळवला. लासारोच्या नऊ संध्याकाळी पुऱ्या झाल्या. सांता पॉलात 'गुडघे' नाटकाचा शेवट आजतागायत कुणी पाहिलेला नाही.

त्यातल्या एका प्रयोगाला लॉस एंजेलिसहून मिस्टर व्हिटलॉक आले होते. मोठ्या थिएटरचे मालक, गळ्यात रेशमी रुमाल. ते पाणावल्या डोळ्यांनी बसून राहिले. प्रेक्षकांना नाटकात ओढून घ्यायची तुमची कल्पना अपूर्व आहे, म्हणाले. तेंचानं ती कल्पना आपली नसल्याचं सांगितलं. ते त्यांना विनय वाटला.

मोठ्या थिएटरमध्ये पहिल्या दिवशी तेंचानं डावा गुडघा टेकला, अर्धी प्रार्थना म्हटली आणि थांबली. कुणी हूं की चूं केलं नाही. एवढी माणसं, मऊ खुर्च्या, आणि समोर पेटी ठेवलेली असताना सगळी हाताच्या घड्या घालून कौतुकानं बघत होती. मिस्टर व्हिटलॉकनी दुसऱ्या दिवशी प्रार्थना छापून खुर्च्यांवर ठेवली, तर लोकांनी त्या कागदानं वारा घेतला. मग त्यांनी नाट्यशाळेतले विद्यार्थी रोजावर आणून अधेमधे बसवले. ते फार भावनेनं म्हणायचे, निरनिराळ्या सुरात, एकमेकांकडं बघत. एक तर दररोज रडायचा, ठरल्या ठिकाणी.

भाषण मात्र इथं अगदी खणखणीत झालं. लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे. ज्यांना ते ऐकवायचं नव्हतं त्यांनी ते इतकं आवडीनं ऐकलं. एकदा मोत्यांची माळ घातलेली एक बाई प्रयोग संपल्यावर आत आली आणि तेंचाचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, की आमची कामवालीही तुमच्याच भागातली, मी उद्या तिला जवळ बसवून सगळं सांगणार आहे. तेंचानं त्या कामवालीची मनापासून कीव केली.

नाव झालं. विद्यापीठांतून बोलावणी आली, पितळी पाट्या मिळाल्या. आणखी नाटकं लिहिली, त्यातली काही बरी होती. पण ज्या बाईसाठी तिनं लेखणी धरली तिच्या कानावर ते भाषण अजून पडलंच नव्हतं, आणि तेंचाला पाट्यांपेक्षा ते जास्त टोचायचं. शेवटी एका ख्रिसमसला ती घरी आली. चोना टेबलापाशी मक्याची पानं भिजवून पुसत होती. तेंचा समोर बसली आणि म्हणाली, आई, मला तुला काहीतरी म्हणून दाखवायचंय, आणि मधे प्रार्थना म्हणायची नाही.

"म्हण. पानं पुसत ऐकलं तर चालेल ना?"

तेंचानं सगळं म्हटलं. गुडघे, देव, मालक, सोमवार. आवाज न चढवता, नाटकी न करता. म्हणताना तिची नजर टेबलाखाली गेली नाही, आईच्या हातांवर होती. हात एकदाही थांबले नाहीत.

"झालं?" चोनानं विचारलं.

"झालं."

"हे मला ठाऊक होतं. सोमवारी मी गेले नसते तर मंगळवारी तू काय खाल्लं असतंस?"

तेंचानं एक पान उचलून पुसायला घेतलं. तिला ती उसळ आठवली असणार.

"आणि विचारलं होतं आम्ही," चोना म्हणाली. "मी आणि कुका. मालकाच्या ऑफिसात गेलो होतो. त्यांनी पाणी दिलं प्यायला आणि दार लावून घेतलं. ते नाही घातलंस नाटकात." मग भिजलेलं पान उजेडाला धरून तिनं भोक आहे का पाहिलं. "जरा लांबलंय तुझं भाषण. बोलतेस मात्र चांगलं. कुकाचा घसा बसलाय, डॉक्टरनं बोलू नको सांगितलंय. गुरुवारी ओंतिवेरोसांकडं म्हातारा गेलाय. तू जा."

माझा तसल्या गोष्टींवर विश्वास नाही, असं तेंचा म्हणाली. चोना म्हणाली की तुला विश्वास कुणी विचारलाय, आवाज विचारलाय.

ती गेली. नाक मुरडत गेली, पण गेली. आणि मग जातच राहिली. चोना गेली तेव्हा तिच्या नऊच्या नऊ संध्याकाळी तेंचानं सांगितल्या. शेडनं तेव्हाही निरोप पाठवला असता तर काय झालं असतं, याचं वस्तीला कुतूहल वाटत राहिलं, पण शेड कधीच बंद पडली होती. कुका गेली तेव्हा तिचीही तेंचानंच सांगितली, डावा गुडघा आधी टेकून.

भक्ती तिला कधी आली नाही. लोकांची कीव आणि तिरस्कार मात्र अंगात मुरला होता, आणि तो माळेत फार उपयोगी पडायचा. कुरकुरणारी पोरं ती एका नजरेत गप्प करायची. मागच्या रांगेतल्या मला ऐकू येत नाहीत, मेलेल्याला काय येणार, असं सरळ तोंडावर म्हणायची. उशिरा येणाऱ्याला दाराबाहेर उभं करायची. घरात मयत झालेल्या माणसांनाही ती सोडायची नाही. एका जावयाला तिनं भर शोकात सांगितलं होतं, की तुला रडता येत नसेल तर रडू नकोस, बघवत नाही. लोक मागं बोटं मोडायचे आणि कुणी गेलं की पहिला फोन तिलाच करायचे.

पाव ती स्वतः आणायची, कारण माणसं दुःखात कसलाही पाव आणतात असं तिचं मत होतं. तिनं सांगितलेल्या शेवटच्या माळेच्या दिवशीही ती चारच्या सुमारास बेकरीत गेली. काउंटरवरच्या पोरीला शंखाच्या आकाराचे पाव उलटे करून दाखवायला लावले, कालचे वेगळे काढले, आणि हे आम्हाला खपवू नका, मेलेली तुमची कुणी नव्हती का, म्हणून विचारलं. मग पिशवी घेऊन रूळ ओलांडून सालदान्यांच्या घरी. दारात चपला नीट लावायला सांगितल्या, टीव्ही बंद करवला, मेलेल्या बाईचा फोटो तिरका होता तो सरळ केला. गुडघ्यांखाली उशी आताशा लागायची. घरच्यांनी सोफ्यावरची मऊ दिली, ती तिनं परत केली आणि कडक मागितली.

माळ नेहमीसारखी झाली. मधे एकदा ती थांबली आणि थोरल्या मुलाला म्हणाली की तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस, तुझी आई बहिरी होती. तो मोठ्यानं म्हणू लागला. नामावळ झाली, कॉफी आली. कॉफीत दालचिनी कमी आहे हे तिनं सांगितलं आणि दोन कप प्यायली. उद्या सहा म्हणजे सहा, कुणासाठी थांबणार नाही, असं बजावून तिनं उरलेला एक पाव रुमालात गुंडाळला, पर्समध्ये टाकला आणि ती घरी गेली.